वजाबाकी दोन वेळांची

मुलाखतीला येणाऱ्या पोरांना मी एक प्रश्न हमखास विचारते. ऑर्डर आली रात्री दहा वाजता, बाहेर पडली दहा वाजून वीस मिनिटांनी. स्प्लंक या लॉग धुंडाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वेरी लिहून दोन्हींतला फरक काढला, तर स्क्रीनवर आलं ०५:५०:००. वरचे साडेपाच तास कुठून घुसले?

बहुतेक जण लगेच सर्व्हरवर घसरतात. एक सर्व्हर अमेरिकेत असेल, एक इथे असेल, त्यांचे टाइमझोन वेगळे असतील. मी सांगते, दोन्ही वेळा एकाच सर्व्हरच्या आहेत, एकाच ओळीतल्या आहेत. मग शांतता. एखादा कागद-पेन मागतो, आणि त्याला मी मनातल्या मनात निम्मे मार्क तिथेच देऊन टाकते.

उत्तर अवघड नाही. कॉम्प्युटरच्या लेखी वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रीनिचच्या हिशोबाने, किती सेकंद झाले तो आकडा. सध्या तो १७० कोटींच्या पुढे गेलाय. असे दोन आकडे एकमेकांतून वजा केले की उरतात १२०० सेकंद. इथवर सगळं बरोबर. पण १२०० म्हणजे किती वेळ गेला. किती वाजले नव्हे. हा आकडा कुणी 'स्ट्रफटाइम'ला दिला, की ते फंक्शन त्याचं घड्याळ करतं, कारण तेवढंच त्याला येतं. १९७० च्या पहिल्या रात्री ग्रीनिच वेळेने बारा वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा भारतात सकाळचे पाच पन्नास. मशीनने चोख उत्तर दिलेलं असतं, प्रश्न चुकलेला असतो. हीच क्वेरी न्यूयॉर्कच्या माणसाने उघडली तर त्याला दिसतं १९:२०:००, म्हणजे आदल्या संध्याकाळचे सात वीस. अक्षरांतली वेळ वाचायला 'स्ट्रपटाइम', सेकंदांची वेळ दाखवायला 'स्ट्रफटाइम', आणि कालावधी दाखवायचा असेल तर 'टूस्ट्रिंग'ला 'ड्युरेशन' सांगायचं. ही तिन्ही ज्याच्या डोक्यात वेगळी बसली, त्याचं पुढचं बरंच काम सोपं होतं.

मी हे काम करते त्याला ऑफिसच्या भाषेत प्रॉडक्शन सपोर्ट म्हणतात. हिंजवडीच्या एका इमारतीत बसून दुसऱ्या देशातल्या कंपन्यांच्या यंत्रणा चालू आहेत ना, हे बघायचं. यंत्रणा आपल्याला दिसत नाही, दिसतात ते फक्त तिचे लॉग. दिवसभर, रात्रभर ओळींमागून ओळी. आणि वरचे लोक जे काही विचारतात, ते शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: याला किती वेळ लागला? पेमेंट व्हायला, फाइल पोचायला, पान उघडायला, ऑर्डर निघायला. म्हणजे लॉगमधल्या दोन वेळा शोधा आणि वजाबाकी करा. चौथीच्या पोराचं काम. त्यावर आमची घरं चालतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका दुकानसाखळीच्या गोदामाने. ऑनलाइन ऑर्डर गोदामाच्या यादीत आल्यापासून खोक्यावर लेबल चिकटेपर्यंत तीस मिनिटांच्या आत काम व्हायला हवं, असा करार होता. जास्त लागले तर पेनल्टी. त्यांच्या लॉगमधली एक ओळ मी इथे देवनागरीत उतरवते, ऑर्डर नंबर तेवढा बदलून:

२०२४-०३-१० ०३:१०:०४,५१२ इन्फो ऑर्डर=४४१७ रिसिव्हड=२०२४-०३-१० ०१:५०:०२ डिस्पॅच्ड=२०२४-०३-१० ०३:१०:०२ स्टेटस=ओके

या एका ओळीत तीन वेळा आहेत. पहिली, ओळ लिहिली गेली ती. तिला स्वल्पविरामानंतर मिलिसेकंदही आहेत, कारण जावाच्या लॉगरची तशी रीत असते. पुढच्या दोन धंद्याच्या वेळा: ऑर्डर कधी आली, कधी निघाली. तिन्हींपैकी एकीलाही टाइमझोन नाही. पहिलीचं त्यात फारसं बिघडत नाही. स्प्लंक डेटा आत घेतानाच ती वाचतं, आणि हा सर्व्हर कुठल्या झोनचा हे ॲडमिनने सेटिंगमध्ये लिहून ठेवलेलं असलं की बरोबर सेकंद मोजून बाजूला ठेवतं. उरलेल्या दोन वेळा मात्र स्प्लंकच्या दृष्टीने वेळा नसतातच, नुसती अक्षरं असतात. क्वेरी चालवणारा जेव्हा 'स्ट्रपटाइम' लिहितो तेव्हा कुठे त्यांची वेळ होते.

१० मार्च २०२४ हा मार्चमधला दुसरा रविवार. अमेरिकेत त्या रात्री दोन वाजता घड्याळं एकदम तीनवर नेतात. सोमवारी आमच्याकडून आठवड्याचा रिपोर्ट गेला आणि त्यात रविवारी पहाटेच्या कितीतरी ऑर्डर ऐंशी मिनिटांच्या आसपास दिसत होत्या. सगळ्या लाल. तिकडच्या डॅशबोर्डवर त्याच ऑर्डर वीस मिनिटांच्या, सगळ्या हिरव्या. संध्याकाळच्या कॉलवर गोदामाची मॅनेजर चांगलीच तापलेली होती. तिची माणसं त्या रात्री जागेवर होती, एकही खोकं अडलं नव्हतं, आणि सात समुद्रांपलीकडून कुणीतरी सांगत होतं की तुम्ही ऐंशी मिनिटं लावलीत.

आमच्या टीममधला एक नवा मुलगा रिपोर्ट बघायचा. तो माझ्या जागेशी आला, लॅपटॉप हातातच उघडा. "मॅम, क्वेरी एकच आहे. मी त्यांच्याकडूनच कॉपी केलीय, एक स्पेससुद्धा बदललेली नाही. डेटा पण एकच. मग उत्तरं दोन कशी?"

"तुझ्या अकाउंटच्या प्रेफरन्समध्ये टाइमझोन काय आहे?"

"एशिया-कोलकाता. सगळ्यांचाच तो असतो ना?"

सगळ्यांचा म्हणजे आपल्या मजल्यावरच्या सगळ्यांचा. अक्षरांत झोन लिहिलेला नसला की स्प्लंक ती वेळ क्वेरी चालवणाऱ्याच्या झोनमध्ये वाचतं. न्यूयॉर्कच्या माणसासाठी वाचलं, तर त्याच्या पंचांगात त्या रात्री दोन ते तीन हा तास नव्हताच, म्हणून एक पन्नास ते तीन दहा म्हणजे वीस मिनिटं. पुण्यातल्या माणसासाठी वाचलं, तर आपल्याकडे अशी रात्र कधी येतच नाही. एक पन्नास ते तीन दहा म्हणजे सरळ ऐंशी. रोजच्या दिवशी दोन्ही टोकांना तोच झोन लागत असल्याने वजाबाकीत तो कापला जातो आणि कुणाला काही कळत नाही. वर्षातून एकदा उघडं पडतं, तेही पुण्यात रविवारी भर दुपारी, जेव्हा ऑन-कॉल माणूस सोडून सगळे जेवून आडवे झालेले असतात.

त्या मुलाने लगेच उपाय सुचवला: दोन्ही वेळांच्या शेवटी उणे पाच तास चिकटवून द्यायचे. म्हणजे वेळा हिवाळ्यात बरोबर, बाकी आठ महिने चूक, आणि त्या रात्रीचा फरक तरीही ऐंशी मिनिटांचाच. पेनल्टी टळली, रिपोर्ट न्यूयॉर्कचा झोन असलेल्या वेगळ्या अकाउंटखाली चालवायला घेतला, मॅनेजर शांत झाली. पण रोग तसाच होता, कारण नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी उलटं होतं. पहाटे दोन वाजता घड्याळ परत एकवर येतं आणि एक ते दोन हा तास दोनदा येतो. कुठला एक वाजून दहा, पहिला की दुसरा, हे झोन नसलेल्या ओळीतून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पहिल्या फेरीत एक अठ्ठावन्नला आलेली ऑर्डर दुसऱ्या फेरीत एक वाजून एक मिनिटाने निघाली, तर फरक येतो उणे सत्तावन्न मिनिटं. हे बरं. ऋण आकडा ओरडून सांगतो की इथे गडबड आहे. भीती असते ती दुसऱ्या जातीची: बारा पन्नासला आलेली ऑर्डर दुसऱ्या एक दहाला निघाली, तर लागली ऐंशी मिनिटं आणि दिसली वीस. हिरवी. आकडा चांगला आला की कुणाचा फोन येत नाही.

आपल्याला हे सगळं परकं वाटतं, कारण अख्ख्या देशाला एकच वेळ आणि तीही बारमाही. पण मुंबईने दोन घड्याळांचा संसार चांगला पन्नास वर्षं केलेला आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली मुंबई वेळ सोडली नाही. ती ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. १९५५ पर्यंत ती शहरात चालत होती. त्या काळातल्या एखाद्या जुन्या नोंदवहीतून दोन वेळांचा फरक काढायचा झाला, तर आमच्यासारखाच प्रश्न पडेल: ही वेळ कोणत्या घड्याळाची?

तारखांचं दुखणं यापेक्षा साधं आहे. ०३/०४ हे अमेरिकन माणसासाठी चार मार्च, आपल्यासाठी तीन एप्रिल. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत चुकीचं फॉरमॅटही निमूट चालतं आणि तेराव्या दिवशी 'स्ट्रपटाइम' रिकामं उत्तर देतं. एरर नाही, इशारा नाही, नुसता रिकामा रकाना. नेटवर्कच्या जुन्या उपकरणांचे सिस्लॉग याच्याही वरताण. २००१ साली लिहून ठेवलेल्या त्यांच्या नमुन्यात वेळेला झोन तर नाहीच, वर्षसुद्धा नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्री त्यांची वजाबाकी करून बघावी.

पण दोन्ही वेळा एकाच ओळीत मिळणं हीसुद्धा चैनच आहे. बहुतेक यंत्रणांत सुरुवात एका ओळीत असते, शेवट हजारो ओळींनंतर, बहुधा दुसऱ्याच सर्व्हरच्या लॉगमध्ये. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे ऑर्डर नंबर किंवा तसलं काहीतरी. नवी मंडळी इथे 'ट्रान्झॅक्शन' ही कमांड वापरतात. सुरुवातीची खूण सांगा, शेवटची खूण सांगा, ती गट बांधते आणि कालावधीही आयता काढून देते. दिसायला देखणी, चालायला जड. डेटा वाढला की धापा टाकते, आणि एका गटात हजारच ओळी ही तिची मूळची मर्यादा. म्हणून जरा मुरलेली माणसं 'स्टॅट्स' वापरतात. ऑर्डर नंबरप्रमाणे सगळ्यात आधीची वेळ, सगळ्यात नंतरची वेळ, आणि त्यांतला फरक. त्यालाही 'रेंज' असं एका शब्दात काम करणारं फंक्शन आहे. झपाझप उत्तर येतं.

त्यातला एक सापळा मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की नवीन डॅशबोर्ड हातात आला की आधी तिथेच बोट ठेवते. ऑर्डर आली आणि पुढे कधी निघालीच नाही, तर तिची लॉगमध्ये ओळ एकच. सगळ्यात आधीची वेळ तीच, सगळ्यात नंतरचीही तीच. फरक शून्य सेकंद. म्हणजे जी ऑर्डर निघालीच नाही ती सगळ्यात जलद ठरली. वर्गात गैरहजर पोराला पहिला नंबर द्यावा तसं हे.

दहा ऑर्डर धरा. नऊंना वीस-वीस मिनिटं लागली, एक अडकली. सरासरी आली अठरा मिनिटं. पाच अडकल्या, तर सरासरी दहा. निम्म्या ऑर्डर बुडाल्या आणि यंत्रणा दुप्पट वेगवान झाली! एका सेलच्या काळात हे मी प्रत्यक्ष बघितलं. ऑर्डर घेणारी यंत्रणा आणि गोदाम यांच्या मधली रांग तुंबली होती, ग्राहकांचे फोन सुरू झाले होते, आणि आधीच्या कुणा व्हेंडरने करून ठेवलेला डॅशबोर्ड तासातासाला अधिकाधिक हिरवा होत होता. कॉलवर एक बडे साहेब म्हणालेसुद्धा की लोड वाढूनही वेळ कमी झालाय, टीमचं अभिनंदन. आमच्यातल्या एकीने माइक म्यूट करून कपाळावर हात मारला.

यावर औषध साधं आहे. ज्यांच्या दोन्ही ओळी सापडल्या त्यांचाच फरक काढायचा. ज्यांची एकच सापडली त्यांची वेगळी यादी, आणि तिथे 'आत्ता' वजा 'सुरुवात', म्हणजे किती वेळ ताटकळलीय ते. माझ्या मते हीच दुसरी यादी डॅशबोर्डवर वर असायला हवी आणि सरासरी कुठेतरी खाली. सरासरीऐवजी शंभरातल्या पंच्याण्णवाव्या ऑर्डरला किती लागले ते बघावं, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. ताटकळलेल्यांची यादी अजून पटवून द्यावी लागते. उलट दिशेनेही खेळ होतोच. वीस मिनिटांत निघालेली ऑर्डर तीन दिवसांनी ग्राहकाने परत पाठवली, त्याच नंबराने नोंद पडली, की तिला तीन दिवस लागले म्हणून बोंब.

आता ऋण आकडे. दोन वेगवेगळ्या सर्व्हरच्या वेळा वजा केल्या की अधूनमधून उत्तर आधी निघालं आणि विनंती नंतर आली, असं दिसतं. उणे चाळीस मिलिसेकंद, उणे दोनशे. दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एनटीपी नावाची व्यवस्था १९८० च्या दशकापासून त्यांना सतत ओढून जागेवर आणत असते, पण ती बंद पडली किंवा व्हर्च्युअल मशीन मध्येच गोठून पुन्हा जागं झालं, की फरक वाढतो. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढून एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला आणि १८० दिवसांचे लॉग जपायला सांगितलं. तेव्हा पुष्कळ ऑफिसांत पहिल्यांदाच कुणीतरी सर्व्हरचं घड्याळ बघितलं.

या ऋण आकड्यांचं लोक काय करतात? क्वेरीच्या शेवटी एक अट घालतात: फरक शून्यापेक्षा मोठा असेल तरच दाखव. ग्राफ स्वच्छ, साहेब खूश. यासारखी दुसरी वाईट सवय नाही. घड्याळ दोनशे मिलिसेकंदांनी चुकलंय हे त्या ऋण आकड्यांनी सांगितलं. पण तेच घड्याळ बाकीच्या सगळ्या धन आकड्यांतही दोनशेची भर घालतंय किंवा तेवढेच खातंय, आणि ते तसेच ग्राफमध्ये बसलेत. साक्षीदाराला बाहेर काढून खटला चालवण्यातला प्रकार. मी ऋण आकड्यांची मोजणी वेगळ्या चौकटीत ठेवायला लावते. ती वाढू लागली की सर्व्हरवाल्यांना फोन.

वजाबाकी कधी ऋण येणारच नाही, हे गृहीत धरणारे फक्त क्वेरी लिहिणारेच असतात असंही नाही. ३१ डिसेंबर २०१६ ला जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला. ग्रीनिचची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे एक जानेवारीच्या पहाटेचे साडेपाच. क्लाउडफ्लेअर या इंटरनेटच्या पायाभूत सेवा देणाऱ्या कंपनीच्या डीएनएस प्रोग्रॅमने त्या क्षणी 'आत्ता'मधून 'मघाशी' वजा केलं, आणि मशीनचं घड्याळ मागे सरकलेलं असल्याने उत्तर शून्याच्या खाली गेलं. तो आकडा पुढे यादृच्छिक संख्या काढणाऱ्या फंक्शनला दिला गेला, त्याला ऋण आकडा चालत नव्हता, प्रोग्रॅम कोसळला आणि काही ग्राहकांच्या साइट सापडेनाशा झाल्या. कंपनीने हे सगळं स्वतःच सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. पुढे २०१७ च्या ऑगस्टमध्ये, तो प्रोग्रॅम ज्या गो भाषेत लिहिलेला होता तिच्या नव्या आवृत्तीत वेळेबरोबर कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळाची नोंदही ठेवायची सोय आली. भिंतीवरचं घड्याळ किती वाजले ते सांगायला, आणि हे दुसरं, किती वेळ गेला ते मोजायला. लीप सेकंदच २०३५ पर्यंत बंद करायचे असं वजनमापांच्या जागतिक परिषदेने २०२२ मध्ये ठरवलंय. आमच्या धंद्यात त्याबद्दल कुणी अश्रू ढाळणार नाही.

कधी दोष घड्याळाचा नसतो, नुसता 'फरक' कशाला म्हणायचं याचा असतो. अझ्युअर या क्लाउड सेवेच्या लॉगसाठी जी कुस्टो भाषा आहे तिच्यात 'डेटटाइम-डिफ' नावाचं फंक्शन आहे. त्याला रात्री अकरा एकोणसाठ आणि नंतरच्या पहाटेचा एक या दोन वेळांत किती तास असं विचारलं, तर ते दोन सांगतं. प्रत्यक्षात गेली एकसष्ट मिनिटं. ते तास मोजत नाही, तासाचे किती ठोके ओलांडले ते मोजतं: बाराचा एक, एकचा एक. एसक्यूएल सर्व्हरचं 'डेटडिफ'ही याच वळणाचं. दोन वेळा सरळ वजा करा, आलेल्या कालावधीला मिनिटांनी भागा, प्रश्न मिटला. पण फंक्शनचं नाव इतकं गोंडस असतं की माणूस तेच उचलतो.

हे सगळं मशीनपुरतं राहिलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. त्याच गोदामाकडून नंतर एक मागणी आली. कामगारांच्या हातातल्या स्कॅनरचे लॉग आता स्प्लंकमध्ये येत होते. प्रत्येक कामगाराच्या एका स्कॅनपासून दुसऱ्या स्कॅनपर्यंतचा वेळ काढा, आणि दहा मिनिटांहून मोठी खिंडारं नावानिशी द्या. क्वेरी म्हणून अगदी सोपी. 'स्ट्रीमस्टॅट्स' लावून आधीच्या ओळीची वेळ या ओळीत आणायची आणि वजा करायची. स्प्लंक निकाल नवीन ते जुनं असे देतं, म्हणून आधी क्रम उलटा करून घ्यायचा एवढंच.

पहिल्या निकालात काही ठरावीक लोक सारखे वर येत होते. वीस मिनिटं काही नाही, पंचवीस मिनिटं काही नाही. वरून बघितलं तर कामचुकार. त्यातल्या एकाच्या ओळी मी उलगडून बघितल्या. पंचवीस मिनिटांचं खिंडार, आणि त्यानंतर एकाच सेकंदात चाळीसच्या आसपास स्कॅन. चाळीस वस्तू एका सेकंदात उचलणारा माणूस अजून जन्माला यायचाय. चौकशी केली तेव्हा कळलं की हे लोक शीतगृहात काम करतात. तिथल्या जाड भिंतींतून वाय-फाय जात नाही. स्कॅनर नोंदी पोटात साठवतो आणि माणूस बाहेर आला की एकदम ओकतो. आम्ही जी वेळ वजा करत होतो ती नोंद सर्व्हरला पोचल्याची, वस्तू स्कॅन झाल्याची नव्हे. उणे तापमानात काम करणारी माणसं आमच्या यादीत आळशी ठरत होती.

खरी वेळ त्याच ओळीत होती. स्कॅनर स्वतःची वेळही पाठवत होता, कुणी तो रकाना वेगळा काढला नव्हता एवढंच. तो काढला, वजाबाकी पुन्हा केली, आणि जवळजवळ सगळी खिंडारं बुजली. रिपोर्टसोबत आम्ही सविस्तर टीप जोडली: वेळ कुठून घेतली, कशासाठी घेतली, स्कॅनरचं घड्याळ किती चुकू शकतं. नावांचा रकाना काढून नुसते विभाग ठेवा, असंही सुचवलं. टीप त्यांनी ठेवली, नावंही ठेवली.

तेव्हापासून माझ्या टीममध्ये कुणीही फरकाचा आकडा बाहेर पाठवण्याआधी त्याच्यामागच्या दोन-तीन ओळी मुळातून उघडून बघतो. सगळ्यात मोठ्या फरकाची एक, शून्याच्या आसपासची एक, आणि शून्याखालची असेल तर ती नक्की. काही पोरं कुरकुरतात, डेटा एवढा प्रचंड असताना तीन ओळींनी काय होणार म्हणून. होतं. शीतगृह अशाच एका ओळीतून सापडलं.

राहता राहिले ते मूळ लॉग लिहिणारे डेव्हलपर. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर विनंती आहे. वेळ लिहिताना मिलिसेकंद आणि शेवटी झोन लिहा. +०५:३० ही जेमतेम सहा अक्षरं आहेत, त्यांनी डिस्क भरत नाही. ही वेळ घडल्याची की पोचल्याची, ते रकान्याच्या नावातच असू द्या. आणि एखादं काम किती वेळ चाललं हे तुमच्या प्रोग्रॅमला मागे न जाणाऱ्या घड्याळावरून काढता येतंच, तर तो आकडाही त्याच ओळीत लिहून टाका. म्हणजे आम्हाला वजाबाकी करावीच लागणार नाही.